जोडावरची रेघ

आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला उभं राहून नीट पाहिलं, तर सांडपाण्याच्या पाइपांवर प्रत्येक जोडापाशी पेन्सिलची एक बारीक रेघ दिसते. बोटभर लांबीची. अर्धी वरच्या पाइपावर, अर्धी खालच्या. जळगावच्या उन्हाने ती पुसट झाली आहे, पण कुठे आहे हे माहीत असलं की सापडते. जोड जरासा फिरला तर या रेघेचे दोन तुकडे होतात आणि ते एकमेकांसमोर राहत नाहीत. जोड जागेवर आहे की नाही हे कळायला यापेक्षा सोपी युक्ती मी पाहिली नाही, आणि मी पाइपांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून सव्वीस वर्षं काम करतो आहे.

या रेघा हिलालनानांनी मारल्या.

नाना साक्री तालुक्यातले. घरी थोडी कोरडवाहू जमीन होती, ती भावाकडे. तरुणपणी धुळ्याला नळकाम शिकले आणि नंतर जळगावला येऊन राहिले. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. अंगाने सुकलेले, उंच, चालताना एक खांदा पुढे. आमच्याशी ते अहिराणीतच बोलत. मला ती समजते, बोलता येत नाही. मी साध्या मराठीत बोलायचो, ते त्यांच्या भाषेत उत्तर द्यायचे, आणि दोघांनाही त्यात कधी अडचण आली नाही.

संडासाच्या पाइपांचं काम करणारा हा माणूस पांढरा सदरा घालून यायचा. कामाला वेगळे कपडे नव्हते. बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, बस. काम संपल्यावर ते सदऱ्याकडे खाली वाकून एकदा बघत. डाग दिसला की म्हणत, "आज कायतरी घाई व्हयनी." आणि जिथे घाई झाली असेल असं वाटे तो जोड पुन्हा तपासत. मी त्यांच्या सदऱ्यावर दोनदाच डाग पाहिला. त्यातला एक चहाचा होता.

चहा ते स्वतःच्या पेल्यातून पीत. स्टीलचा छोटा पेला, अवजारांच्या पिशवीत सगळ्यात वर, फडक्यात गुंडाळलेला. काही घरांत संडासाचं काम करणाऱ्याला वेगळा कप काढतात हे त्यांना ठाऊक होतं. कोणी कप शोधायला लागण्याच्या आधी नाना पेला पुढे करत, म्हणजे त्या घरालाही लाजावं लागत नसे आणि त्यांनाही. जात विचारणाऱ्यांना ते "पाइपवाला" असं सांगत आणि पुढे बोलत नसत.

गळती शोधायची त्यांची पद्धत ठरलेली होती. कपड्यांना घालायची नीळ ते बादलीभर पाण्यात कालवत आणि वरच्या संडासात ओतायला सांगत. मग खाली पाइपाशी उकिडवे बसून कान लावत आणि एक हात वर धरत. हात वर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही. ओल कुठेही दिसो, निळं पाणी जिथून बाहेर येईल तिथेच ते हात लावत. "वल लांब फिरस," ते म्हणत. "ती दखीसन भित फोडशात ते बठ्ठं घर फोडनं पडी." ओल बघून भिंत फोडायला गेलात तर सगळं घर फोडावं लागेल.

आमच्या इमारतीचे जुने बिडाचे पाइप काढून नवे प्लॅस्टिकचे बसवायचं काम त्यांनी केलं. आमच्या जिन्यावर तीनच घरं. तळाला अक्का, मध्ये आम्ही, वर निवृत्त गुरुजी. अक्का मूळच्या सावद्याच्या. मुलगा तिकडे केळीचं बघतो, त्या जळगावला एकट्या राहतात. उभा पाइप बसवला त्या दिवशी जोडांना लावलेलं चिकट सोल्यूशन वाळेपर्यंत दोन तास संडास वापरू नका असं नाना प्रत्येक घरी सांगून आले. तेवढ्याने भागणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते गुरुजींच्या दारात स्टूल टाकून बसले. तासाभराने गुरुजी आतून आले.

"हिलाल, मला जायचंय."

"कथा जातस, गुरुजी?"

"कुठे म्हणजे? कळत नाही का तुला?"

"आजून एक तास शे."

"अरे, माझं वय काय, तू तास काय मोजतोस!"

"चाळीस वरीस पोरंसले वर्गमा बसाडं ना तुम्ही? मधमा उठू दिधं का कोनले? आते बसा."

गुरुजी आधी चिडले, मग हसले, मग हसणंही त्यांना परवडेना. शेवटी नानांनीच त्यांना मोपेडवर मागे बसवून आपल्या खोलीवर नेलं आणि परत आणलं. येताना गुरुजी नानांचे खांदे धरून बसले होते आणि जिन्यात आल्यावर म्हणाले, "याची खोली माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे." पुढे ते ही गोष्ट सगळ्यांना सांगत. त्या कामाबद्दल नाना फुशारकीने एकच वाक्य बोलत, "मना जोड सुटत नही." त्यात त्यांना अतिशयोक्ती वाटत नसे आणि ती नव्हतीही.

एकदा मी त्यांना आमचा कारखाना दाखवायला नेलं. मला वाटलं, इतकी वर्षं जे हाताळलं ते बनताना बघून त्यांना आनंद होईल. ते शांतपणे सगळं बघत होते. माझ्या खोलीत मी त्यांना पाइपात दाब भरून कसं तपासतात ते दाखवलं. त्यांनी एका पाइपावर बोटाने टिचकी मारली, ऐकलं, आणि विचारलं, "हाऊ पाइप कोना घर जाई?"

"ते कसं सांगणार नाना? कुठेही जाईल. देशभर जातात."

"मंग तुम्ही कोनाकरता तपासतस?"

मी हसून म्हणालो, "नियमाकरता." ते हसले नाहीत. त्यांनी पाइप जागेवर ठेवला, आधी होता तसाच, शिक्का वर करून.

आता माझ्या वडिलांची गोष्ट सांगायला हवी, कारण नाना कसे होते ते तिच्याशिवाय कळणार नाही. आबा तेव्हा ऐंशीला आले होते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. एका उन्हाळ्यात आमचा संडास तुंबला. नाना आले, आम्हाला बाहेर काढून दार लोटलं, आणि अर्ध्या तासाने मोकळा करून दिला. बायकोने विचारलं, "काय निघालं हो नाना?"

"केस."

बायकोने महिनाभर घरातल्या फण्यांवर पाळत ठेवली. त्यानंतर नाना दर रविवारी सकाळी आमच्याकडे यायला लागले. आबांच्या खोलीत दहा मिनिटं बसायचे, पेल्यात चहा घ्यायचे आणि जायचे. मला वाटायचं, म्हातारपणी दोघांचं जमलं. खरी गोष्ट आबांनी मला फार पुढे सांगितली. पाइपात गोळ्यांची पाकिटं अडकली होती. आबा गोळ्या खात नव्हते, घेतल्या असं सांगून पाकिटासकट संडासात टाकत होते. नानांनी त्यांना एकट्याला गाठून सांगितलं होतं, "आबा, मी कोनले सांगाव नही. पन तुम्ही गोळी खानी. मी दर आइतवारले पाकिटं मोजसू." आणि ते खरोखर मोजत होते.

त्यांची रीत ही होती. पाइपातून जे निघेल ते त्या घराचं. ते तिसऱ्याला सांगायचं नाही. पण कळलं आहे तर आपल्याकडून जे करता येईल ते करायचं. शहरातल्या निम्म्या घरांच्या पोटातलं या माणसाने पाहिलं होतं, आणि त्यांच्या तोंडून मी कधी कोणाच्या घराबद्दल एक शब्द ऐकला नाही. गोष्टी काढायला लोक चहा पाजत. ते चहा पीत.

आता जे सांगायचं ते मी बरीच वर्षं टाळलं आहे.

आबांना संडासात उठताना धरायला दांडी हवी होती. नानांनीच ते सुचवलं आणि म्हणाले, "बसाडनी व्हई ते माले बलावा." मी बोलावलं नाही. भिंतीत चार स्क्रू मारायला नाना कशाला, असं मला वाटलं. कारखान्यातून ड्रिल आणलं आणि एका सुट्टीच्या दिवशी दांडी बसवायला घेतली. आमच्या संडासाच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत विटांची एक पेटी आहे, तिच्यातून संडासाचा उभा पाइप जातो; मागच्या भिंतीवर दिसतात ते मोरीचे. पेटी कुठे संपते याचा माझा अंदाज चार बोटं चुकला. तिसरं भोक पाडताना ड्रिल एकदम आत गेलं, लोणी कापावं तसं. बाहेर काढलं तर टोकाला प्लॅस्टिकचा करडा कीस होता आणि वास होता.

तसला कीस मी कारखान्यात रोज हातात घेतो. मला कळायला एक क्षणही लागला नाही.

मी त्या भोकात स्क्रू घट्ट पिळला, वर पांढऱ्या सिमेंटचं बोट फिरवलं, आणि आबांना हाक मारून दांडी दाखवली. आबा तिला धरून दोनदा उठले, बसले आणि म्हणाले, "आता बरं झालं." मीही स्वतःला तेच सांगितलं. स्क्रू घट्ट बसलाय, गळणार नाही. पाइप तपासणाऱ्यानेच घरचा पाइप फोडला हे कोणाला सांगायची मला लाज वाटली. कारण इतकंच. याहून मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

अडीच महिन्यांनी खाली अक्कांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओल आली. पेटीच्या पलीकडची भिंत. तिच्यावर अक्कांचा देव्हारा होता. आधी तळहाताएवढा डाग, मग ताटाएवढा, मग वास. अक्कांनी देव उचलून दिवाणखान्यात पाटावर ठेवले. श्रावण लागला होता. त्यांच्याकडे कानबाई बसते. चौरंगावर देवी मांडायची, सगळे भाऊबंद गोळा होऊन रोटांचं जेवण करायचं, आणि ती मांडणी वर्षानुवर्षं त्याच भिंतीशी. सावद्याहून पंचवीस-तीस माणसं येणार होती. अक्का जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "माय वं, संडासाच्या पाण्याखाली कानबाई बसवू का मी? भाऊबंद काय म्हनतीन मले?"

खाली वाहनतळावर सगळे जमले. शेजारच्या जिन्याचेही पाइप त्याच महिन्यात बदलायचे होते आणि ते काम नानांनाच द्यायचं ठरल्यासारखं होतं, म्हणून त्या बाजूचे लोकही आले. सोसायटीचे सचिव माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही या विषयातले. काय असेल?"

मी म्हणालो, "जोड असणार. सोल्यूशन कमी पडलं असेल."

मी एवढंच बोललो. नाना तिथे नव्हते. गुरुजी म्हणाले, "हिलालचा जोड? शक्य नाही." पण गुरुजींना पाइपांतलं कळत नव्हतं आणि मला कळत होतं. शेजारच्या जिन्याचं काम दुसऱ्याला द्यायचं तिथेच ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. कानबाईला पाच दिवस होते. काय बोलणं झालं ते त्यांना कोणीतरी सांगितलं असणार, कारण ते माझ्याकडे न बघता सरळ आमच्या संडासात गेले. पेटीच्या विटा छिन्नीने एकेक सोडवून त्यांनी पाइप उघडा केला. वरचा जोड, खालचा जोड. चष्मा लावून त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या. त्या सरळ होत्या. वरच्या रेघेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मला वाटतं, त्यांच्या छातीवरचं ओझं त्या वेळी उतरलं असेल. मी दारात उभा होतो.

मग निळीची बादली वर गेली. गुरुजींनी पाणी ओतलं. नाना कान लावून, हात वर धरून बसले. विटांचा भुगा गळून पडला होता आणि पाइपाच्या अंगात घुसलेलं स्क्रूचं टोक दिसत होतं. त्या टोकाभोवती एक निळा थेंब जमला, मोठा झाला, आणि पाइपाच्या अंगावरून खाली ओघळला.

नानांनी हात खाली घेतला. दांडीकडे पाहिलं. स्क्रूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पक्कड घेऊन स्क्रू काढला, पाण्याने धुतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"पॉलिश पेपर द्या," ते म्हणाले.

पाइपाचं नुकसान अगदी किरकोळ होतं. पेन्सिल जाईल एवढं भोक. पण त्यांनी ते बुजवताना जी काळजी घेतली, ती मी पाहत राहिलो. भोकाभोवतीचा भाग कोरडा पुसला, वीतभर खरखरीत घासला. त्याच मापाच्या नव्या पाइपाचा वीतभर तुकडा उभा चिरला, म्हणजे तो पन्हाळीसारखा झाला. तो गरम करायला ते स्वयंपाकघरात गेले. बायको गॅसपाशी अडखळली तसे म्हणाले, "नवा शे ताई. आजून कोनाच घर गया नही." तुकडा ऊन झाल्यावर हाताने जरासा फाकवला, दोन्ही अंगांना सोल्यूशन लावलं आणि पाइपावर दाबून बसवला. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. मग गुरुजींना वरून हाक मारून सांगितलं, "दोन तास!" वरून उत्तर आलं, "माहीत आहे रे!"

दुपारी पट्टी सोडून निळं पाणी पुन्हा सोडलं. थेंब आला नाही. त्यांनी पेन्सिल काढली आणि त्या ठिगळाच्या कडेवरही रेघ मारली. मग विटा बसवल्या, दांडी चार बोटं अलीकडे, भरीव भिंतीत घेतली, आणि आबांना बोलावून तिच्यावर भार टाकायला लावला.

खाली अक्कांनी विचारलं, "काय झालं होतं रे हिलाल? जोडच ना?"

"भित सुकू द्या अक्का. मंग सांगस."

पुढचे चार दिवस ते रोज सकाळी आले. अक्कांच्या भिंतीला पालथा हात लावून बघत, मग जिना चढून आमच्या दाराशी येत. आत येत नसत. म्हणत, "काई सांगनं शे का, साहेब?"

मी म्हणायचो, "नाही नाना. सगळं ठीक आहे. गळत नाही."

"बरं."

चारही दिवस हेच. मला प्रश्न कळला नव्हता असं लिहिण्याची सोय आहे. पण मला पहिल्या दिवशीच कळला होता.

चौथ्या दिवशी, शनिवारी, भिंत कोरडी होती. अक्कांनी चुना देऊन घेतला होता, देव परत देव्हाऱ्यात मांडून चौरंग धुऊन ठेवला होता. सावद्याची माणसं उतरायला लागली होती. सगळ्यांसमोर अक्कांनी पुन्हा विचारलं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो. नानांनी वर माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अक्कांकडे वळून म्हणाले, "जोड सुटना व्हता अक्का. मनी चूक."

अक्कांनी त्यांना पाहुण्यांसमोर जे सुनावलं ते मी ऐकलं. "तीन वर्ष छाती ठोकून सांगे, मव्हा जोड सुटत नाही! देव उठवावा लागला मले तुह्यापायी!" नाना मान हलवत होते. त्यांचा सदरा स्वच्छ होता.

त्यांनी जळगाव त्यानंतर सहा महिन्यांनी सोडलं. गुडघे गेले म्हणाले. गुडघे गेलेच होते. पण जाण्याआधी ते "मना जोड सुटत नही" हे वाक्य बोलत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. रविवारी ते येत राहिले, शेवटपर्यंत. निघाले त्याच्या आदल्या रविवारीही त्यांनी आबांची पाकिटं मोजली. आबा गेले त्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला गोळ्यांची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "असा माणूस जोडात चुकला याचं मला नवल वाटतं." मी आबांनाही सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी कानबाईच्या दर्शनाला मी अक्कांकडे गेलो. दिवे लागले होते, देवी त्याच भिंतीशी होती. एका पाहुणीने भिंतीचं विचारलं आणि अक्का नेहमीसारख्या सुरू झाल्या, "त्या हिलालनं..." मी मध्येच म्हणालो, "अक्का, ते भोक मी पाडलं होतं." आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

पाहुणी आत गेली. अक्का म्हणाल्या, "तीन वर्ष मी त्याले शिव्या देल्या. देवीसमोर देल्या. त्या शिव्या आता कुठी ठिवू मी?" आणि वात सारताना, "तो मह्यासमोर खोटं बोलला. देव मांडलेला होता." त्यांना यातलं कशाचं दुःख जास्त होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. दिव्यात तेल घालत राहिल्या.

मला मात्र हलकं वाटत होतं. हेही सांगायला हवं. त्या हलकेपणातच मी पुढच्या आठवड्यात धुळ्यामार्गे साक्रीला गेलो आणि तिथून रिक्षाने नानांच्या गावी.

ते घरामागे बसले होते. शोषखड्ड्याकडे जाणारा पाइप ट्रॅक्टरचं चाक जाऊन एका ठिकाणी चिरला होता आणि ते तो दुरुस्त करत होते. सदरा पांढराच. उजवा हात थरथरत होता. मला पाहून त्यांनी "या" म्हटलं आणि बसायला वीट सरकवली. मी सांगितलं. अक्कांना खरं सांगितलं, सगळ्यांसमोर तुमचं नाव मोकळं केलं, असं काहीतरी बोललो.

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कानबाईमव्हरे सांगं?"

"हो."

"तिले कसाले सांगं?" त्यांचा आवाज चढला. मी तो चढलेला पहिल्यांदाच ऐकत होतो. "माले मालूम शे, तुले मालूम शे. भित सुकाई गई. आते ती बाई रोज सकायले देवफा बसी आनि माले दिधेल शिव्या आठवी. तू मोकळा व्हयना, भाऊ. ती बाई आते ते वझं लीसन फिरी."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा "तू" म्हटलं होतं.

मी म्हणालो, "मी तुमच्यासाठी सांगितलं, नाना."

"मनाकरता सांगनं व्हतं ते तवय सांगतास. मी चार दिन वाट दखी. रोज जिना चढनू, गुडघा धरीसन. मंग कानबाई उनी. तिले कायतरी सांगनंच व्हतं."

शेजारच्या गोठ्यात म्हैस पाणी पीत होती, तिचा आवाज येत होता. नानांनी फडकं उचललं. चिरलेला भाग घासून तयार होता, पन्हाळीसारखा तुकडाही गरम करून बाजूला ठेवला होता. त्यांच्या हाताने सोल्यूशन सारखं लागत नव्हतं.

"धर," ते म्हणाले.

मी तुकडा धरला, मग सोल्यूशनही मीच लावलं. त्यांनी सांगितलं तसा दाबला, ट्यूबची पट्टी गुंडाळली. मग आम्ही दोन तास बसलो. त्यांच्या घरून चहा आला. त्यांना त्यांच्या पेल्यात, मला कपात. आबांचं त्यांनी विचारलं. गेले म्हटल्यावर, शेवटपर्यंत गोळ्या घेत होते का, हेही विचारलं. घेत होते, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

पट्टी सोडल्यावर त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"मार रेघ."

मी रेघ मारली. त्यांनी चष्मा लावून, वाकून पाहिली. मग अंगठ्याला थुंकी लावून ती पुसून टाकली आणि पेन्सिल पुन्हा माझ्या हातात दिली.

मी दुसरी मारली. ती त्यांनी पुसली नाही, चांगली आहे असंही म्हणाले नाहीत. घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "वत वं!" आणि पाइपाशी कान लावून उकिडवे बसले. थरथरता हात त्यांनी वर धरला. आतून निळ्या पाण्याची बादली ओतल्याचा आवाज आला. मी पेन्सिल हातात धरून उभा राहिलो. हात अजून वर होता.